लेबलवर अंगठा ठेवा, मग भाव विचारा

नाशिकहून भाच्याने एका नाण्याचा फोटो पाठवला: अमेरिकेचं चांदीचं नाणं, ग्रेडिंग कंपनीने तपासून, ७० पैकी ग्रेड देऊन प्लास्टिकच्या सीलबंद डबीत (तिला 'स्लॅब' म्हणतात) ठेवलेलं, आत कागदी लेबल. "मामा, सिल्व्हर ईगल आहे. एमएस ७०, फर्स्ट स्ट्राइक, वर सहीचं लेबल. घेऊ का?" म्हटलं, लेबलवर अंगठा ठेव. खाली जे नाणं उरलं, त्याचे किती देशील ते सांग.

ही अक्कल मला ११० डॉलरला पडली. न्यू जर्सीत नवा होतो, टीव्हीवरच्या एका विक्रेत्याकडून असंच निळ्या शाईच्या सहीचं नाणं घेतलं. तीन वर्षांनी प्रदर्शनात विकायला नेलं, तर डीलरने स्लॅब प्रकाशात तिरपा धरला, मागेपुढे केला आणि म्हणाला, "चाळीस." सहीचे किती, विचारलं तर हसला.

तेव्हापासून मी आधी एकच गोष्ट बघतो. लेबल नाण्याबद्दल बोलतंय, की दुसऱ्याच कशाबद्दल?

'फर्स्ट स्ट्राइक' घ्या. पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीचा हा शब्द. दुसरी कंपनी एनजीसी त्याला 'अर्ली रिलीजेस' म्हणते. अर्थ एवढाच की नाणं विक्रीला आल्यापासून पहिल्या ३० दिवसांत कंपनीकडे किंवा तिच्या मान्य गोदामात पोचलं. ठशातून आधी पडलं असा नाही. कुठलं नाणं आधी पडलं याची नोंद अमेरिकेची टांकसाळ ठेवतच नाही. शिवाय ठसे झिजतात, बदलतात; कोरा ठसा वर्षाच्या शेवटीही लागू शकतो. म्हणजे हा टपालाचा शिक्का झाला, तारखेचा.

सहीचं तसंच. जॉन मर्कॅन्टींनी १९८६ च्या ईगलची मागची बाजू घडवली, त्यामुळे त्यांची सही हवीशी वाटणं मी समजू शकतो. पण सही कागदाच्या चिठ्ठीवर आहे, चांदीवर नाही. आवड म्हणून घ्या, पैसे परत येतील म्हणून नको.

आता उलटी बाजू, कारण सगळी लेबलं पोकळ नसतात. २०१५ चा ईगल '(पी)', म्हणजे फिलाडेल्फिया, अशा लेबलसह दिसला तर थांबा. त्या वर्षी ४ कोटींहून जास्त ईगल पडले, त्यातले फिलाडेल्फियात फक्त ७९,६४०. नाण्यावर टांकसाळीची खूण नाही; ओळख पटली ती पेट्यांच्या नोंदींवरून. तिथे लेबल हाच पुरावा. प्लास्टिक फोडलंत की ते नाणं बाकीच्या कोट्यवधींत मिसळलं! जुन्या नाण्यांच्या स्लॅबवरचा सीएसी या तपासणी कंपनीचा हिरवा स्टिकरही कामाचा, कारण तो नाणं पुन्हा तपासून लावलेला असतो. एनजीसीच्या सुरुवातीच्या, १९८७ च्या काळ्या स्लॅबला तर आतलं नाणं सोडून निव्वळ स्लॅबसाठी गिऱ्हाईक मिळतं. हौसेला मोल नाही.

भाव काढायची रीत सोपी आहे. ईबेवर 'विकलेले' हा फिल्टर लावा. विक्रेते मागतात त्या किमती वाचूच नका, त्या स्वप्नातल्या असतात. वर्ष तेच, ग्रेड तीच, कंपनी तीच, फक्त लेबल वेगळं, असे दहाएक व्यवहार शेजारी-शेजारी लिहा. फरक पाच-दहा डॉलरचा असेल तर तेवढाच द्या. मग डीलरला विचारा, "हेच मी उद्या आणलं तर किती द्याल?" उत्तर द्यायला त्याने वेळ लावला, तर समजून जा. स्लॅबवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवायला विसरू नका. खोटे स्लॅबही फिरतात.

भाच्याने शेवटी एनजीसीचं साधं तपकिरी लेबलवालं घेतलं. आता विचारतोय, ७० ऐवजी ६९ चालेल का. चालेल रे बाबा. भिंग लावूनसुद्धा दोन्हींतला फरक मला दर वेळी सापडत नाही.