काळ्या जमिनीत मोगरा लावताना

विदर्भातील कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मोगऱ्याची मुळे त्यात कुजतात. म्हणून मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून अंगणाच्या पातळीपेक्षा वीतभर उंच वरंबा करावा आणि भरपूर उन्हाच्या जागी त्यावरच रोप लावावे. झाड जोमाने वाढले की डिसेंबरात पाणी तोडावे आणि जानेवारीच्या अखेरीस ते गुडघाभर उंचीवर छाटावे. हिरव्या फांद्यांवर कात्री चालवणे जिवावर येते खरे, परंतु कळी नव्या फुटीच्या शेंड्यावरच धरते. छाटणीनंतर खत देऊन पाणी सुरू करावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की बुंध्याशी पाचटाचे आच्छादन द्यावे. टपोरी, पांढरी, पण मिटलेली कळी तिन्हीसांजेपूर्वी खुडावी. ती रात्री ओल्या फडक्यात उमलते.