फँटसीप्रेमींनो, गूढ शब्दकोडं सोडवताना या चुका टाळा

आमचा सहा जणांचा कंपू आहे. चौघं ठाण्यात, एक ताई पुण्यात आणि एक दादा न्यू जर्सीत. दर रविवारी कुणीतरी एक जण फँटसी पुस्तकांवर मराठीतून गूढ शब्दकोडं रचतो आणि बाकीचे पाच ते फोडायला बसतात. आजवर आम्ही जिथे जिथे तोंडावर पडलो, त्यातल्या बहुतेक ठिकाणी कारण एकच होतं: पुस्तकं फार पाठ आहेत. साध्या प्रश्नमंजूषेत पाठांतर तारून नेतं. गूढ कोड्यात तेच पायात येतं.

गेल्या पावसाळ्यातला हा क्लू, म्हणजे सूचक ओळ, बघा. कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं.

'नमवा' अशी उलटी आरोळी देणारा बुटका (३)

"गिमली!" तिघं एकदम ओरडले. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला बुटका आहे, कुऱ्हाड घेऊन रणात आरोळ्या ठोकतो, आणि गि-म-ली अशी अक्षरंही बरोब्बर तीन. वर मधल्या घरात उभ्या शब्दातल्या जादूगार मर्लिनचा म आधीच बसलेला. आणखी काय पुरावा हवा? पेनानं लिहून मोकळे झालो. त्यानंतर पाऊण तास वरचा उजवा कोपरा काही हलेना. तिथे आता 'ली'नं संपणारा चार अक्षरी शब्द हवा होता आणि त्याचा क्लू होता 'देवाची भेट' वगैरे. एकानं 'दीपावली'सुद्धा सुचवून पाहिलं. शेवटी पुण्याच्या ताईनं विचारलं, "अरे, पण त्या 'नमवा'चं काय केलंत तुम्ही?"

काहीच केलं नव्हतं. न-म-वा उलटं वाचा: वामन.

गूढ क्लूचे दोन भाग असतात. एका टोकाला सरळ अर्थ (इथे 'बुटका') आणि उरलेल्या शब्दांत अक्षरांचा खेळ. दोन्ही वाटा एकाच उत्तराला पोचायला हव्यात. चाहता पहिल्या वाटेनं सुसाट धावतो, कारण ती ओळखीची असते, आणि दुसरी वाट पाहतच नाही. क्लूमधल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला का, हे विचारल्याशिवाय उत्तर पक्कं करू नका. आमच्याकडे आता नियमच आहे: उकल तोंडानं सांगता येत नसेल, तर पेन्सिल.

'ली' खोडून 'न' आला तरी कोपऱ्यातला क्लू लगेच सुटला असं नाही. पूर्ण क्लू असा होता:

रणाच्या तोंडाशी दानव भांबावला: देवाची भेट (४)

एक जण टॉल्किनच्या बॅलरॉग या दानवाला घेऊन बसला, दुसरा त्याच्याच खलनायक मॉरगॉथच्या लढाया आठवत होता. चित्रच इतकं झकास आहे की माणूस त्यात शिरतो. रचणाऱ्याला तेच हवं असतं. चित्र सोडा आणि शब्द सुटे करा. 'रण'च्या तोंडाशी र आहे. सोबत 'दानव'. 'भांबावला' म्हणजे अक्षरं विस्कटा. दा-न-व आणि र यांतून 'वरदान' निघतं. 'भेट' इथे गाठ नव्हे, बक्षीस. भांबावला, बिथरला, कोलमडला, नाचला असे शब्द दिसले की अक्षरं ढवळायची तयारी ठेवा. उलटला, परतला, माघारी हे शब्द असतील तर मागून वाचा. 'पोटात', 'आत दडलेला' असं असेल तर उत्तर शेजारच्याच शब्दांत लपलेलं असतं.

वाक्य चुकीच्या ठिकाणी तोडणं ही तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॅंडाल्फसारख्या जादूगारालाही भोवलेली चूक. मोरिया या भुयारी नगरीच्या दारावरचा लेख तो आधी 'बोल, मित्रा, आणि आत ये' असा लावतो आणि आठवतील तितके परवलीचे शब्द ओरडत बसतो. दार ढिम्म. लेखाचा खरा अर्थ होता 'मित्र म्हण आणि आत ये'. एल्फांच्या भाषेत मित्र म्हणजे 'मेलॉन', तेवढं म्हटल्यावर दार उघडलं. सोबतच्या मेरी या हॉबिटनं त्या ओळीचा अर्थ आधीच विचारला होता आणि गिमलीनं 'ते तर उघडच आहे' म्हणून विषय संपवला होता. शेवटी गॅंडाल्फनं कबूल केलं की मेरीच बरोबर वाटेवर होता. आमच्याकडेही कुणी 'हा स्वल्पविराम काढला तर?' असं विचारलं की आधी सगळे हसतात. पुढच्या वेळी हसू नका. गूढ क्लूमधली विरामचिन्हं बहुधा फसवायलाच पेरलेली असतात.

आता लेखनाचं दुखणं. हे मराठीत फार आहे.

सॉसचा पहिला घास घेऊन हॅरीचा दोस्त झाला अंगठीचा धनी (३)

सॉ अधिक हॅरी पॉटरचा दोस्त रॉन, म्हणजे टॉल्किनचा खलनायक सॉरॉन. मला हा क्लू फार आवडला होता. न्यू जर्सीच्या दादाला तो अमान्य. त्याचं म्हणणं, टॉल्किननं परिशिष्टात उच्चार स्पष्ट दिलाय, 'लाउड'मधल्यासारखा 'आउ', त्यामुळे नाव 'साउरॉन' असंच लिहायला हवं. मुद्दा बरोबर होता. पण सा-उ-रॉ-न ही चार घरं होतात आणि माझा क्लू मेला. शिवाय हॅरीचा दोस्त टॉल्किनच्या जगात आलाच कसा, यावर वेगळं भांडण. (यावर मी अजून ठाम आहे: शब्दखेळात कुणीही कुठेही येऊ शकतो.) त्या रात्रीपासून आम्ही नावांची एक वही ठेवलीय. सॉरॉन की साउरॉन, डंबलडोर की डम्बलडोर, जे एकदा ठरलं ते ठरलं. डंबलडोरच्या घरांची संख्या दोन्ही रूपांत पाचच, पण दुसऱ्या घरात ब येणार की म्ब, यावर आडवा शब्द अडतो.

घरं मोजतानाही नवखे हमखास फसतात. हॅरी पॉटरमधल्या खलनायकाचं नाव कानाला 'व्होल्-डे-मॉर्ट' असं तीन तुकड्यांत ऐकू येतं. कोड्यात मात्र जोडाक्षर एका घरात बसतं, म्हणून व्हो-ल्डे-मॉ-र्ट, चार. मर्लिन दोन नाही, तीन.

संगणकाच्या भरवशावर राहू नका, हेही सांगायला हवं. 'नमवा'च्याच क्लूवर दादानं एका अक्षरं उलटवणाऱ्या साधनात शब्द टाकला. यंत्राच्या लेखी 'वा' हे एक अक्षर नसतं, व आणि काना या दोन वेगळ्या खुणा असतात. त्यानं सगळं उलटं करून आधी एक बेवारस काना आणि मागे 'वमन' असं काढून दिलं. दादा खूश. वमन म्हणजे उलटी, क्लूमध्ये 'उलटी' आहेच, मधे म, शेवटी न, सगळं जुळतंय! पाच मिनिटं आम्ही खरोखर विचारात पडलो होतो. मग बुटक्याचं काय करायचं, हे कुणाला सांगता येईना. त्यामुळे पुन्हा तेच: एक शब्द जरी उरला तरी उत्तर चूक.

इंग्रजीतले गाजलेले शब्दखेळ जसेच्या तसे मराठीत आणण्याचा मोह टाळा. 'टॉम मार्व्होलो रिडल' या नावाची रोमन अक्षरं फिरवली की 'आय ॲम लॉर्ड व्होल्डेमॉर्ट' होतं, हे हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकापासून (१९९८) सगळ्यांना ठाऊक आहे. देवनागरीत लिहून पाहा, मॉ-र्ट कुठून आणाल? फ्रेंच भाषांतरात हाच खेळ साधायला त्या पोराचं नावच बदललं. तिथे तो टॉम एल्व्हिस जेदुसोर आहे, म्हणजे अक्षरं फिरवून 'ज स्वी व्होल्डेमॉर्ट', 'मी व्होल्डेमॉर्ट आहे'. प्रत्येक भाषेला आपल्या अक्षरांतूनच खेळ शोधावा लागतो. मराठीत पहिल्या भागाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' झालं, आणि त्या एका शब्दानं आम्हाला आयता क्लू दिला:

हॅरीच्या खिशात सापडलेला: उडती सुंदरी, सोबत सरड्याचं डोकं (३)

परी आणि स. इंग्रजीतूनच वाचलेले दोघं यावर अर्धा तास इंग्रजी नावातल्या 'स्टोन'च्या भोवती फिरत होते. उत्तर 'दगड' असणार म्हणून एकानं लिहूनही टाकलं. मराठी कोडं मराठीतच सोडवा. पात्रं परकी असली तरी अक्षरं आपली आहेत.

शेवटची चूक शिष्टाचाराची. उत्तर सुचलं की गटात ओरडू नका. पाच जणांपैकी एकाला सुटलं आणि त्यानं सांगून टाकलं, की चौघांचा रविवार गेला. आमच्याकडे सुटलेल्यानं फक्त 'झालं' असं लिहायचं. कुणी मदत मागितलीच तर आधी सरळ अर्थ कोणत्या टोकाला आहे तेवढं सांगायचं, मग खेळाचा प्रकार, आणि अगदीच नाइलाज झाला तर एक अक्षर. रचणाऱ्यानं तर तोंडाला कुलूप लावावं. माझं मलाच ते जमत नाही. कुणी उत्तराच्या जवळ आलं की माझा चेहरा बोलतो, म्हणून कोडं मी रचलेलं असेल त्या रविवारी मला कॅमेरा बंद करून बसवतात. आणि ज्यांनी मालिका अजून पुरती वाचलेली नाही त्यांना विचारून घ्या. ताईची सहावी हॅरी पॉटर वाचून व्हायची होती आणि आडव्या ओळीत आम्ही कुणाचा मृत्यू पेरून बसलो होतो. ती दोन रविवार आलीच नाही.