फंडस फोटोतला ठिपका: रक्त की रंगद्रव्य?

मधुमेहाच्या पेशंटचा फंडस फोटो, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो, स्क्रीनवर आला, मॅक्युलाच्या (पडद्याच्या मधल्या, बारीक बघायच्या भागाच्या) बाजूला एक काळपट ठिपका आहे. आपल्याकडच्या गडद पडद्यावर तो रक्ताचा की रंगद्रव्याचा, हे रंगीत फोटोत पटकन कळत नाही. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसभर हेच फोटो काढते. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी आधी फोटोतले रंग सुटे करायला शिकवते.

हिमोग्लोबिन ५४० ते ५८० नॅनोमीटरचा हिरवा-पिवळा प्रकाश भरपूर शोषतं, ६०० च्या पुढचा लाल मात्र बराचसा जाऊ देतं. म्हणून रक्त हिरव्यात काळंकुट्ट दिसतं, लालमध्ये विरतं. शिवाय लाल प्रकाश खोल, कोरॉइडपर्यंत, म्हणजे पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत पोचतो. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेरे हेच काम एकेका अरुंद तरंगलांबीने करतात. आपल्या साध्या कॅमेऱ्याचे लाल, हिरवा, निळा हे पट्टे रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात, तरी एवढ्या कामाला ते पुरतात.

सगळी मेहनत फोटो काढतानाच घ्यायची. फ्लॅश बेताचा ठेवा, कारण लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, सगळ्यात आधी बर्न होतो (पांढरा पडतो) आणि मग त्यात बघायला काही उरत नाही. क्लिक करायच्या आधी, “मावशी, दोनदा उघडझाप करा, आता डोळा मोठ्ठा उघडा आणि हिरव्या दिव्याकडे बघा,” असं सांगा. उघडझाप केली की अश्रूंचा थर सारखा पसरतो, फोटो स्वच्छ येतो.

फाइल कॅमेऱ्यातली मूळच घ्या. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत बारीक ठिपके पुसले जातात. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून ‘इमेज’, ‘कलर’, ‘स्प्लिट चॅनल्स’ करा. तीन करड्या खिडक्या उघडतील. निळी बहुतेक वेळा अंधारी असते, वयस्कर पेशंटमध्ये तर पिवळट झालेलं भिंग निळा प्रकाश अडवतं. ती बंद करा. हिरवी आणि लाल शेजारी-शेजारी, सारख्याच झूमवर ठेवा.

ठिपका हिरव्यात काळा आणि लालमध्ये जवळजवळ गायब असेल, तर रक्त समजा. लालमध्ये ठळक आणि हिरव्यात फिका असेल, तर कोरॉइडमधला तीळ, म्हणजे नीव्हस, असण्याची शक्यता जास्त. दोन्हीत काळा असेल तर पडद्याच्या रंगद्रव्याच्या थराचा विचार करा, पण रक्ताचा थर जाड असला तर तोही लालमध्ये दिसतो, हे विसरू नका. आणि पुढच्या पेशंटच्या फोटोतही अगदी त्याच जागी ठिपका दिसला तर कॅमेऱ्याची लेन्स पुसा.

मायक्रोअॅन्युरिझम, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांवरचे छोटे फुगे, शोधताना मापाला डिस्कच्या (दृष्टीची नस पडद्याला मिळते त्या गोल जागेच्या) कडेची मोठी शीर धरा. ती साधारण १२५ मायक्रॉन रुंद असते, ठिपका त्याहून लहान हवा.

मॅक्युलाची सूज यात कळणार नाही, त्याला ओसीटीच, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅनच लागतो. आणि डिस्कवर नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं तर चॅनल सुटे करत बसू नका, पेशंटला त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे पाठवा.