कंपोझिटिंग की मोशन ग्राफिक्स : सॉफ्टवेअर कसे निवडावे

सॉफ्टवेअरच्या किमती आणि वैशिष्ट्ये पाहण्याआधी आपण नेहमी करतो तसा एक शॉट समोर घ्यावा आणि त्यात कॅमेऱ्याने टिपलेले किती व संगणकावर नव्याने घडवायचे किती, हे तपासावे. चित्रित दृश्यातली तार पुसायची असेल, हिरव्या पडद्यासमोरचा नट दुसऱ्या पार्श्वभूमीवर बसवायचा असेल किंवा थ्रीडी रेंडरचे निरनिराळे पास (रंग, प्रकाश, सावली अशी वेगवेगळी काढलेली चित्रे) एकत्र करायचे असतील, तर ते काम कंपोझिटिंगचे आहे. कोऱ्या फ्रेमवर अक्षरे, आकृत्या, लोगो किंवा तक्ते हलवायचे असतील, तर ते मोशन ग्राफिक्सचे आहे.

पहिल्या प्रकारासाठी न्यूक किंवा फ्यूजन घ्यावे. दोन्हींची रचना नोडची, म्हणजे एकेका क्रियेचे ठोकळे रेषांनी जोडण्याची आहे, आणि तिचे मोल दुरुस्तीच्या वेळी कळते. एकदा काढलेला मॅट (चित्राचा कोणता भाग घ्यायचा हे ठरवणारा मुखवटा) रंगदुरुस्ती, धूसरता आणि सावली अशा तीन ठिकाणी जोडलेला असला, तर मूळ नोडवर केलेला बदल तिन्हीकडे आपोआप पोहोचतो. अ‍ॅडोबीच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये लेअर, म्हणजे चित्राचे थर, एकावर एक रचले जातात. तेथे हेच साधण्यासाठी प्रीकॉम्प (अनेक लेअरचे एकत्र गठ्ठे) करावे लागतात, आणि ते एकात एक वाढत गेले की कोणता परिणाम कोठे लागला आहे हे शोधण्यातच वेळ जातो. शिवाय न्यूक मुळातच ३२ बिट फ्लोट (रंगाची फार बारीक नोंद) आणि लिनिअर (प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणातल्या) रंगात काम करते, तर आफ्टर इफेक्ट्समध्ये बिट डेप्थ आणि लिनिअर ब्लेंडिंग प्रोजेक्टच्या सेटिंग्जमध्ये जाऊन स्वतः निवडावे लागते. थोडक्या शॉटना मात्र आफ्टर इफेक्ट्स पुरते, कारण हिरवा पडदा काढणारे कीलाइट आणि हालचालीचा माग घेणारे मोका त्यासोबतच मिळतात.

दुसऱ्या प्रकारात आफ्टर इफेक्ट्सला माझी निःसंकोच पसंती आहे. शेप लेअर, टेक्स्ट अ‍ॅनिमेटर, ग्राफ एडिटर (वेगाची वक्ररेषा बदलण्याची सोय) आणि एक्स्प्रेशन (हालचाल ठरवणारी छोटी सूत्रे) यांमुळे गतीवर ताबा राहतो. न्यूकमध्ये अशी शीर्षके करणे शक्य असले तरी कष्टाचे आहे. मॅकवर काम करणाऱ्यांनी अ‍ॅपलचे मोशनही पाहावे, ते एकदाच विकत घेता येते.

मराठी शीर्षके करणाऱ्याने आणखी एक चाचणी टाळू नये. ‘दुसऱ्या’, ‘वैशिष्ट्य’ आणि ‘कीर्ती’ हे शब्द युनिकोड फाँटमध्ये टाइप करून रफार, जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसतात का, ते पाहावे. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्या तुटल्या, तर टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांना आधार देणारे टेक्स्ट इंजिन निवडले आहे का, याची खात्री करावी. मग अक्षरे एकेक करून आत आणणारे अ‍ॅनिमेशन लावावे, कारण स्थिर मजकूर नीट दिसत असूनही गती देताच वेलांटी व्यंजनापासून सुटलेली दिसू शकते.

खर्चाचा विचार यानंतर करावा. फ्यूजन २०१८पासून दाविंची रिझॉल्व्ह या संपादन व रंगसंस्काराच्या सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट आहे आणि त्याची मोफत आवृत्ती शिकण्यास व बऱ्याच व्यावसायिक कामांस पुरेशी आहे. न्यूकची बिगर-व्यावसायिक आवृत्ती मोफत असली, तरी तिच्यातून १९२० बाय १०८० पिक्सेलपर्यंतच चित्र निघते आणि मोबदल्याच्या कामासाठी ती वापरता येत नाही. आफ्टर इफेक्ट्सची वर्गणी चालू ठेवावी लागते.

तरीही निर्णय होत नसेल, तर एकच छोटा शॉट दोन्हीकडे पूर्ण करावा, मग त्यातली मूळ क्लिप किंवा मजकूर बदलून पाहावा, आणि ही दुरुस्ती जेथे कमी खटपटीत झाली ते सॉफ्टवेअर घ्यावे.