गावच्या रानाचा दावा करायचाय? आधी सभा भरवा

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीनं रानावरच्या हक्काचा दावा घातला, तेव्हा पहिली फाईल वर्षभर एका टेबलावर पडून राहिली. पोच घेतली नव्हती, चूक माझीच. तुम्ही प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्या.

सुरुवात ग्रामसभेपासून. वन हक्क कायदा 2006 खाली तीच 10 ते 15 जणांची वन हक्क समिती निवडते, त्यात किमान एक तृतीयांश बायका. सभेला निम्मी माणसं लागतात. भातलावणीत कोण येणार? म्हणून आम्ही सुगी उरकल्यावर ठेवली.

हिरडा, शिकेकाई, भिरंड गोळा करण्याचा हक्क हवा तर अर्जाचा नमुना ‘ख’ भरा. अख्खं रान राखायचं तर ‘ग’. अनुसूचित जमातीत नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीची 75 वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. इथंच बरेच जण कच खातात. पण म्हाताऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा पुरावा धरतात, देवराई, जुन्या विहिरी, मसणवटाही. नुसता जबाब मात्र पुरत नाही, किमान दोन पुरावे जोडा. आमच्या आज्जीनं पाणवठ्यांची नावं घडाघडा सांगितली, नकाशा त्यावरूनच झाला.

दावा प्रांतांच्या उपविभागीय समितीकडं जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं. अर्ज कन्नडमध्येच करा. मराठीचा अभिमान घरी, फाईल पुढं सरकू दे. नाकारला तर 60 दिवसांत वर दाद मागा.

रान राखताना रोपं, खड्डे, चर यांची मजुरी रोजगार हमीतून निघते, पंचायतीत विचारा. तिथल्याच जैवविविधता समितीकडून रानाची नोंदवही लिहून घ्या.