इस्रायल-पॅलेस्टाइनवर वाद घालताना या चुका टाळा

वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसायला लागल्यापासून हा विषय मी बऱ्याचदा ऐकला आहे. मुलं तयारीनिशी येतात, आवाज चढतात, टाळ्या पडतात, आणि तरी दोन्ही बाजूंची कुठे गाठच पडत नाही. माहिती कमी पडते म्हणून असं होत नाही. दोष कोणाचा आणि शांतता होईल का, हे दोन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं. गाडी रुतते ती तिथेच.

गोष्ट आपल्या सोयीच्या सालापासून सुरू करणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा रेंगाळतो. एक जण ७ ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात करतो: गाझावर सत्ता असलेल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ जणांना ओलीस म्हणून गाझात नेलं. दुसरा म्हणतो, त्याआधी सोळा वर्षं गाझाची नाकेबंदी चालू होती. पहिला २००५ काढतो: इस्रायलने सैन्य आणि तिथे वसवलेले सुमारे ८००० ज्यू वसाहतवासी गाझातून बाहेर काढले, तरी रॉकेटं येतच राहिली. दुसरा १९६७ वर जातो, कारण गाझा, वेस्ट बँक आणि पूर्व जेरुसलेमचा ताबा इस्रायलने तेव्हा घेतला. (आपल्याकडे 'पश्चिम किनारपट्टी' असं छापतात आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. हा काठ जॉर्डन नदीचा आहे.) मग १९४८, इस्रायलच्या स्थापनेचं साल: एकाला शेजारच्या अरब देशांच्या चालून आलेल्या फौजा दिसतात, दुसऱ्याला घरादाराला मुकलेले सात लाख पॅलेस्टिनी. त्या उद्ध्वस्त होण्याला ते 'नकबा' म्हणतात. त्याही मागे १९२९ मध्ये वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनला झालेली ६७ ज्यूंची कत्तल, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा देणारं १९१७ चं बाल्फोर पत्र, आणि शेवटी कोणीतरी थेट बायबलपर्यंत पोचतो.

सालाची निवड निकाल कसा फिरवते हे पाहायला एप्रिल १९४८ चे फक्त चार दिवस पुरेत. ९ तारखेला इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र संघटनांनी जेरुसलेमजवळच्या देर यासीन गावात शंभरावर माणसं मारली. १३ तारखेला हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला. त्यात डॉक्टर, परिचारिका धरून अठ्ठ्याहत्तर जण मेले. तुम्ही गोष्ट कितव्या तारखेला उघडता, त्यावर खलनायक बदलतो.

यावर मी एक साधी अट घालतो. आपलं सुरुवातीचं साल आधी मोठ्याने सांगायचं, आणि त्याच्या आधीची एक तरी घटना, समोरच्याला महत्त्वाची वाटणारी, आपल्या तोंडून मांडायची. मुलं सुरुवातीला कुरकुरतात. पण समोरच्याची घटना सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

'त्यांनी प्रत्येक प्रस्ताव लाथाडला'

हे वाक्य दोन्हीकडून येतं आणि दोन्हीकडून अर्धवट असतं. १९४७ चा पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव संयुक्त राष्ट्रांत ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला (विरोधातल्या तेरांत भारत होता). ज्यू नेतृत्वाने तो स्वीकारला, अरबांनी नाकारला, हे खरं. त्या वेळी ज्यू लोकसंख्या सुमारे एक तृतीयांश होती आणि योजनेत त्यांच्या वाट्याला निम्म्याहून जास्त जमीन येत होती, हेही खरं. दुसरं वाक्य पहिल्याला खोडत नाही, पण नकार कुठून आला ते सांगतं.

२००० च्या जुलैत अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला झालेल्या शांतता बोलण्यांत पॅलेस्टिनी नेते अराफत 'हो' म्हणाले नाहीत, एवढंच सगळ्यांना पाठ असतं. त्याच डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी कराराची चौकट मांडली, दोन्ही बाजूंनी आपापल्या आक्षेपांसह ती मान्य केली, जानेवारी २००१ मध्ये इजिप्तमधल्या ताबा गावी बोलणी झाली आणि ६ फेब्रुवारीला इस्रायलचे पंतप्रधान एहुद बराक निवडणूक हरले, हे क्वचितच कोणी सांगतं. तोवर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटलेलाच होता. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना सीमांचा नकाशा दाखवला. अब्बास यांनी सही केली नाही. पण नकाशा दाखवणारे भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकलेले होते आणि त्यांचं पद सुटायच्या बेतात होतं.

उलट बाजूही बघा. मार्च २००२ मध्ये अरब देशांच्या संघटनेने, अरब लीगने, बैरुतला प्रस्ताव मांडला: १९६७ च्या रेषेपर्यंत मागे जा, सगळे अरब देश तुमच्याशी संबंध जोडतील. इस्रायलने तो स्वीकारला नाही. मात्र ही बैठक चालू असतानाच इस्रायलमधल्या नेतन्या शहराच्या एका हॉटेलात पासओव्हर या ज्यू सणाच्या जेवणावर हमासने बॉम्बहल्ला केला, तीस माणसं मेली आणि दोन दिवसांत इस्रायली रणगाडे वेस्ट बँकच्या शहरांत शिरले. प्रस्तावाकडे बघायला कोणाला सवड राहिली नाही.

करार नको असलेले लोक दोन्हीकडे असतात आणि ते मुहूर्त साधतात. १९९३ च्या ऑस्लो शांतता करारानंतर हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना मारणारा ज्यू वसाहतवासी होता, बसमध्ये बॉम्ब फोडणारे हमासचे होते, आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये तो करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा खून केला तो इस्रायली ज्यू तरुणाने. 'ते' म्हणताना नेमके कोण, हे नावानिशी सांगायची सवय लावा.

सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजणं

हमासला २००६ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं मिळाली आणि त्यानंतर पॅलेस्टिनी कायदेमंडळाची निवडणूकच झालेली नाही. गाझातली निम्मी लोकसंख्या मुलांची आहे. तेव्हा 'त्यांनीच निवडून दिलं' हा मुद्दा फार ताणू नये. इस्रायलचे वीस टक्क्यांहून अधिक नागरिक अरब आहेत. ७ ऑक्टोबरला गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी या किबुत्झमध्ये (सामुदायिक वस्तीत) मारल्या गेलेल्या व्हिव्हियन सिल्व्हर यांनी आयुष्य शांततेच्या चळवळीत घातलं होतं आणि गाझातल्या रुग्णांना त्या इस्रायली इस्पितळांत पोचवत असत.

आणि 'हे सगळे युरोपातून आलेले गोरे' हे तर मराठी माणसाने म्हणूच नये. इराक, येमेन, मोरोक्कोतून ज्यू आले, तसे आपल्या अलिबाग-पेणच्या बाजूचे बेने इस्रायलीही गेले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत तेच हे. त्यांच्या ज्यू असण्यावर तिथल्या धर्मगुरूंनी शंका घेतल्या आणि साठच्या दशकात लग्नाच्या हक्कासाठी त्यांना निदर्शनं करावी लागली. इस्रायल एकसंध नाही, हे कळायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

आपलं हिंदू-मुस्लीम भांडण तिथे नेऊन चिकटवणं ही याच चुकीची बहीण. बेथलेहेमच्या ख्रिस्ती पॅलेस्टिनींना त्या चष्म्यातून जागाच उरत नाही.

मृतांचे आकडे दगडासारखे फेकणं

ऑक्टोबर २०२५ च्या युद्धविरामापर्यंत गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने मृतांचा आकडा ६७ हजारांवर सांगितला. त्यात लढणारे आणि सामान्य नागरिक वेगळे दाखवलेले नाहीत. म्हणून 'सगळे निरपराध' म्हणणाराही चुकतो आणि 'मंत्रालय हमासचं, म्हणून आकडा खोटा' म्हणणाराही. आधीच्या युद्धांत या मंत्रालयाची आणि संयुक्त राष्ट्रांची मोजणी बरीच जवळ आली होती. मृतांमध्ये हजारो मुलं आहेत, आणि त्यासाठी कुठल्या वर्गवारीची वाट बघावी लागत नाही.

दोष ठरल्याशिवाय शांतता नाही, असं मानणं

१९७३ मध्ये इजिप्तने योम किप्पूर या ज्यूंच्या पवित्र दिवशी इस्रायलवर हल्ला केला. चारच वर्षांनी इजिप्तचे अध्यक्ष सादात जेरुसलेमला जाऊन इस्रायलच्या संसदेत बोलले. समोर इस्रायलचे पंतप्रधान बेगिन होते, मऊपणासाठी प्रसिद्ध नसलेले. १९७९ चा करार झाला, इस्रायलने १९६७ मध्ये घेतलेलं सिनाई १९८२ पर्यंत इजिप्तला परत मिळालं, तिथली यामित वसाहत इस्रायली सैन्यानेच रिकामी केली. कुठलं युद्ध कोणी सुरू केलं, यावर दोन्ही देशांचं कधीच एकमत झालं नाही. या करारापायी सादात यांना जीव गमवावा लागला. शांतता कोरडी आहे, पण टिकली आहे.

हे उदाहरण देणाऱ्याने लगेच थांबायचं मात्र नाही. सिनाईत जेरुसलेम नव्हतं, निर्वासितांच्या परतीच्या हक्काचा प्रश्न नव्हता, आणि वसाहतवासी होते काही हजार. वेस्ट बँकमध्ये ऑस्लोच्या वेळी ते लाखभर होते. आज पाच लाखांच्या आसपास आहेत, पूर्व जेरुसलेम धरलं तर सात लाख.

म्हणून वाद अडला की मी भूतकाळ बाजूला ठेवून पुढचंच विचारतो. 'दोन राष्ट्रं' म्हणणाऱ्याला: वेस्ट बँकच्या आत खोलवर वसलेलं एरियल हे वसाहतवाशांचं शहर कोणाच्या हद्दीत टाकणार? 'एकच राष्ट्र' म्हणणाऱ्याला: जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्या मध्ये सत्तर लाखांहून अधिक ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी राहतात, तर सैन्यात भरती कोणाची करणार? आणि 'चिरडून टाका' म्हणणाऱ्याला: दुसऱ्या दिवशी सकाळी गाझातली शाळा कोण उघडणार?