जंगलावरचा प्रदूषणभार मोजताना या चुका टाळा

जंगल दरवर्षी किती नायट्रोजन किंवा आम्ल निमूट सोसू शकते, त्या मर्यादेला क्रांतिक भार म्हणतात. युरोपातल्या बीच या वृक्षाच्या जंगलांसाठी नायट्रोजनचा हा आकडा हेक्टरी १० ते १५ किलो धरतात. प्रत्यक्ष भार मोजायला झाडाखाली आणि उघड्यावर फनेल लावून पावसाचे पाणी कॅनमध्ये धरतात आणि प्रयोगशाळेत तपासतात. भार हेक्टरी किलोत असल्याने सांद्रतेइतकेच, म्हणजे लिटरमागच्या मिग्रॅइतकेच, पाण्याचे मापही चोख लागते. प्रयोगशाळेला दोष दिला जातो, पण गणित बहुतेक वेळा फनेलखालीच चुकलेले असते.

२० सेंमी व्यासाच्या फनेलमधून १ मिमी पावसाचे ३१.४ मिलि पाणी कॅनमध्ये उतरते. महाबळेश्वरला दिवसात २०० मिमी पाऊस म्हणजे नवल नाही, आणि तेवढ्याचे ६.३ लिटर होतात. तिथे पाच लिटरचा कॅन लावून आठवड्याने गेलात तर तो काठोकाठ भरलेला दिसेल, पण सांडले किती ते कळणार नाही. भर पावसाळ्यात कॅन रोज रिकामा करा आणि ११ सेंमीचा फनेल घ्या. त्यात १ मिमीला ९.५ मिलिच जमते. फनेल लहान केला की संख्या वाढवा. झाडाखाली पाणी सारखे पडत नाही, एका फांदीखाली धार तर हातभरावर कोरडे. किमान १५-२० फनेल ठरावीक अंतरावर मांडा, सोयीची मोकळी जागा शोधत बसू नका. गुळगुळीत सालीची झाडे असतील तर खोडावरून ओघळणारे पाणी वेगळे धरा.

सगळ्यात महागात पडते ती साधी सरासरी. समजा वळवाच्या २० मिमी पावसात नायट्रेटमधला नायट्रोजन लिटरला १ मिग्रॅ आहे आणि नंतरच्या ९८० मिमीत ०.१. साध्या सरासरीने हेक्टरी ५.५ किलो येतात. खरा भार जेमतेम १.२ किलो. प्रत्येक वेळचे मिग्रॅ प्रतिलिटर गुणिले मिमी भागिले १०० म्हणजे हेक्टरी किलो, आणि मग बेरीज. प्रयोगशाळेने नायट्रेट दिले आहे की नायट्रेटमधला नायट्रोजन, हेही विचारा, दोन्हींत ४.४३ पटींचा फरक असतो.

झाडाखालच्या पाण्यात उघड्यावरच्यापेक्षा नायट्रोजन कमी निघाला म्हणून हवा स्वच्छ ठरवू नका. पाने तो शोषून घेतात. सोडियम मात्र पाने फारसा घेत नाहीत, म्हणून कोरड्या धूलिभाराचा अंदाज त्यावरून बांधतात.

फॉस्फेट, पोटॅशियम आणि अमोनियम एकदम उसळले तर फनेलवर पक्षी बसून गेला आहे. असे पाणी इतरांत मिसळण्याआधीच बाजूला काढा. कॅन उन्हापासून झाका, नमुना ४ अंशांवर अंधारात ठेवा, नाहीतर शेवाळ अमोनियम खाऊन टाकते.

शेवटी धन आणि ऋण आयनांची, म्हणजे पाण्यातल्या विद्युतभारित कणांची, बेरीज जुळवा; दोन्ही बाजू सारख्या भरायला हव्यात. ऋण बाजू कमी भरली तर लगेच फेरतपासणी मागू नका. आपल्याकडच्या पावसात चुनखडीची धूळ असते. सामू (pH) ६ च्या वर गेला असेल तर बायकार्बोनेट हा ऋण आयन मोजायचाच राहिलेला असतो.